घटक ५ : सौजन्याचे शब्द आणि शब्दामागील माणूस

५.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर व्यावसायिक व्यवहारातील सौजन्य ही शिष्टाचाराइतकीच भाषिक कृतीची बाब आहे, हे आपणांस स्पष्ट करता येईल. मराठीत सौजन्य कोणकोणत्या रूपांनी व्यक्त होते, हे सोदाहरण सांगता येईल. तसेच कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला मजकूर व्यवहारात वापरताना त्यातील कोणता भाग यंत्राकडे सोपवावा आणि कोणता स्वतःकडे ठेवावा, याचा निर्णय कारणांसह घेता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, या पुस्तिकेच्या आधीच्या घटकांत आपण व्यावसायिक पत्राची अंगे, अर्जाची भाषा आणि निवेदनाची रचना यांचा परिचय करून घेतला. ती सारी चर्चा एका गृहीतकावर उभी होती : पत्र कोणीतरी लिहितो आणि कोणीतरी वाचतो. आता या गृहीतकाकडेच पुन्हा पाहावे लागणार आहे. बँक, विमा कंपनी, वीजबिल, घरपोच सामान देणारी दुकाने यांचे जे संदेश आपल्याला येतात, त्यांतील अनेक संदेश पाठवण्यापूर्वी कोणाही माणसाने वाचलेले नसतात. तरीही त्यांत ‘आदरणीय’, ‘कृपया’, ‘क्षमस्व’, ‘धन्यवाद’ हे सारे शब्द असतात. मग सौजन्य आहे की नाही?

हा प्रश्न माझ्यासमोर पुस्तकातून आला नाही. माझ्या वडिलांच्या निधनानंतर पाचेक महिन्यांनी त्यांच्या भ्रमणध्वनीवर एका वित्तसंस्थेचा संदेश आला. तो क्रमांक आम्ही अद्याप बंद केलेला नव्हता. संदेशात त्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या होत्या, दीर्घायुष्य चिंतिले होते आणि खाली मुदत ठेवीच्या नव्या योजनेची माहिती होती. मृत्यूचा दाखला आम्ही त्या संस्थेत कधीच दिला होता. संदेशातील मराठी मात्र निर्दोष होते. वडिलांचे संपूर्ण नाव होते, क्रियापदे आदरार्थी बहुवचनी होती, ऱ्हस्वदीर्घही जागच्या जागी होते. भाषेचा शिक्षक म्हणून मला त्यात एकही चूक दाखविता आली नसती.

मी संस्थेच्या तक्रार-खिडकीवर चार ओळी लिहिल्या. अर्ध्या मिनिटात उत्तर आले : ‘आपल्या भावना आम्ही समजू शकतो. आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ अर्ध्या मिनिटात कोणी कोणाच्या भावना समजून घेत नाही, एवढे मला कळत होते. तिसऱ्या दिवशी दूरध्वनी आला. शाखेतील एक तरुण कर्मचारी बोलत होता. ‘सर, दाखला तुम्ही माझ्याकडेच दिला होता. नोंद करायची राहिली. काका दर महिन्याला पासबुक भरून घ्यायला यायचे, मी ओळखत होतो त्यांना. माझं चुकलं, सर.’ एवढे बोलून तो थांबला. पुढे काय बोलावे हे त्याला सुचत नव्हते. मलाही सुचले नाही. ‘असू दे’ म्हणालो आणि माझ्यापुरता तो विषय तेथेच संपला.

पहिल्या दोन संदेशांची भाषा अधिक प्रमाण, अधिक आदरयुक्त आणि अधिक नेटकी होती. तिसऱ्यात ना ‘आदरणीय’ होते, ना ‘क्षमस्व’. तरीही जे काम पहिल्या दोहोंनी बिघडवले, ते तिसऱ्याने सावरले. हे कसे घडले, याचा शोध या घटकात घ्यावयाचा आहे.

५.२ सौजन्य : एक भाषिक कृती

बोलणे म्हणजे केवळ माहिती देणे नव्हे, बोलून आपण कृती करीत असतो, हा विचार जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांतून मांडला. ती व्याख्याने ‘हाऊ टू डू थिंग्ज विथ वर्ड्स’ या नावाने १९६२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. वचन देणे, आभार मानणे, क्षमा मागणे, इशारा देणे या कृती शब्द उच्चारूनच होतात. मात्र नुसता उच्चार पुरेसा नसतो. ती कृती करण्याचा बोलणाऱ्याला अधिकार हवा, प्रसंग योग्य हवा, आणि मनात तसा भाव हवा. नाटकात नटाने दिलेल्या वचनाने कोणी बांधले जात नाही.

मराठी भाषकाला हे शिकविण्याची फारशी गरज नाही. आपण ‘शब्द देतो’, ‘शब्द पाळतो’, ‘शब्द टाकतो’, ‘शब्दाला जागतो’. हे वाक्प्रचार बाजारपेठेत, सोयरिकीत, उधारीच्या वहीशी बसून वापरले गेले आहेत. देण्याघेण्याची वस्तू जशी कोणाची तरी असावी लागते, तसा शब्दही कोणाचा तरी असावा लागतो.

सौजन्याचा स्वतंत्र सिद्धान्त पेनेलपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी १९७८ मध्ये प्रथम मांडला आणि १९८७ मध्ये तो ग्रंथरूपाने पुन्हा प्रसिद्ध झाला. इंग्रजी, मेक्सिकोतील त्सेल्ताल आणि आपल्या शेजारची तमिळ या तीन भाषांतील संभाषणांचा त्यांनी अभ्यास केला. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांच्याकडून त्यांनी जी संकल्पना घेतली तिचा शब्दशः अर्थ ‘चेहरा’ असा होतो. मराठीत तिला ‘आब’ म्हणणे मला अधिक योग्य वाटते. ‘तोंड दाखवायला जागा राहिली नाही’, ‘तोंडावर पाडले’, ‘नाक कापले गेले’ या प्रयोगांतही तीच कल्पना आहे. प्रत्येकाला दोन गोष्टी हव्या असतात : आपण चारचौघांत मान्य असावे, आणि आपल्यावर कोणी जबरदस्ती करू नये. बोलताना या दोहोंपैकी एकीला धक्का बसण्याचा संभव असतो. तो धक्का सौम्य करण्याची भाषिक तजवीज म्हणजे सौजन्य.

व्यवसायात असे धक्के पावलोपावली असतात. थकलेले पैसे मागणे हे त्याचे ठळक उदाहरण. जुना किराणा दुकानदार गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन ‘पैसे द्या’ असे सहसा म्हणत नसे. ‘इकडून चाललोच होतो, म्हटलं डोकवावं’ असे म्हणे, मुलाबाळांची चौकशी करी, आणि उठताना ‘तेवढं जमलं तर बघा’ असे पुटपुटे. दोघांनाही काय बोलले गेले ते पक्के कळत असे. गिऱ्हाईक घरच्यांसमोर तोंडावर पडत नसे आणि दुकानदाराचा हक्कही सुटत नसे.

५.३ मराठीत सौजन्य कोठे असते?

इंग्रजीच्या वळणाने तयार झालेल्या मजकुरात सौजन्याचा सारा भार ‘कृपया’ आणि ‘धन्यवाद’ या दोन शब्दांवर पडलेला दिसतो. ‘कृपया प्रतीक्षा करा’, ‘कृपया आपला क्रमांक नोंदवा’. हे चूक नाही. पण मराठी माणूस समोरासमोर असे बोलत नाही. आपले सौजन्य प्रामुख्याने क्रियापदात, सर्वनामात आणि संबोधनात असते.

‘बस’, ‘बसा’, ‘बसा ना’, ‘बसता का जरा?’, ‘बसावं’ ही रूपे सावकाश उच्चारून पाहा. धातू एकच आहे. पहिल्यात सलगी किंवा हुकूम, दुसऱ्यात साधा आदर, ‘ना’ येताच आग्रह, ‘का जरा’ येताच समोरच्याला नाही म्हणण्याची मोकळीक, आणि ‘बसावं’मध्ये तर आज्ञार्थच नाहीसा होतो. कोठेही ‘कृपया’ आलेले नाही. संयुक्त क्रियापदेही असेच काम करतात. ‘करतो’ आणि ‘करून देतो’ यांत काम तेच असते. ‘देतो’मुळे ते समोरच्यासाठी केले जात असल्याचे कळते. ‘बाजूला ठेवून देतो, संध्याकाळी घेऊन जा’ या वाक्यातील ‘देतो’ हा त्या दुकानदाराचा शिष्टाचार आहे.

अशुभ किंवा कठोर शब्द टाळण्याची रीतही येथे नोंदवावी. निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. रात्री दुकान ‘बंद करीत’ नाहीत, ‘वाढवतात’. ‘बघू’ हे क्रियापद तर व्यापारात नकाराचे सभ्य रूप बनले आहे. साडीच्या दुकानात सतरा साड्या पाहून झाल्यावर गिऱ्हाईक ‘बघू, येतो’ म्हणते, तेव्हा ते येणार नसते हे विक्रेत्याला ठाऊक असते आणि तरीही तो ‘या ना’ म्हणतो.

सर्वनामांपैकी ‘आपण’ विशेष लक्ष देण्याजोगे आहे. ते आदरार्थी द्वितीयपुरुषी आहे, आणि ऐकणाऱ्याला सामावून घेणारे प्रथमपुरुषी अनेकवचनही आहे. बोलणाऱ्या-ऐकणाऱ्या दोघांसाठी ‘आपण’ आणि ऐकणाऱ्याला वगळून ‘आम्ही’ हा भेद मराठीत व्याकरणाचाच भाग आहे. इंग्रजीत या दोन्हींसाठी एकच सर्वनाम चालते. आता ही दोन वाक्ये पाहा : ‘आपल्या तक्रारीची आम्ही दखल घेतली आहे.’ ‘थांबा, आपण बघू या कुठं अडलंय ते.’ दुसऱ्या वाक्यात कर्मचारी खिडकीच्या अलीकडे येऊन ग्राहकाच्या बाजूला उभा राहतो. इंग्रजीतून मराठीत आणलेल्या यंत्रनिर्मित मजकुरात मला ‘आम्ही’ वारंवार भेटते, असे ‘आपण’ मात्र अपवादानेच.

संबोधनाविषयी थोडे सावधपणे लिहिले पाहिजे. दादा, ताई, काका, मावशी ही नातेवाचक संबोधने आपल्या बाजारात सर्रास वापरली जातात. त्यांत आपलेपणा असतो आणि धोकाही असतो. गेल्या वर्षी मंडईतील एका भाजीवाल्याने मला ‘काका’वरून थेट ‘आजोबा’वर नेले. मी पालक न घेताच पुढे गेलो. वय, पेहराव, बोली, बरोबर कोण आहे, हे सारे क्षणात जोखून संबोधन निवडावे लागते, आणि चुकले तर लगेच सावरावेही लागते.

५.४ साचा जुनाच आहे

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. यंत्र ठरावीक साच्यात बोलते अशी आपली तक्रार असेल, तर माणसांनी तरी दुसरे काय केले? मराठी पत्रलेखनाची परंपरा ही साच्यांचीच परंपरा आहे. यादवकालीन हेमाडपंताच्या नावाशी परंपरेने जोडल्या जाणाऱ्या ‘मेस्तका’त कोणाला कोणता मायना लिहावा याचे नियम सांगितलेले आहेत. वडिलांना ‘तीर्थरूप’, वडिलांसमान व्यक्तीला ‘तीर्थस्वरूप’, धाकट्याला ‘चिरंजीव’, व्यवहारातील गृहस्थाला ‘राजमान्य राजश्री’. पुढे ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’, ज्याचे आद्याक्षरी रूप ‘सा. न. वि. वि.’ आपल्या आजोबा-पणजोबांच्या पोस्टकार्डांवर दिसते. शेवटी ‘लोभ असावा ही विनंती’. यांत लिहिणाऱ्याच्या प्रतिभेला फारसा वाव नव्हता.

आक्षेप बरोबर आहे, आणि त्यामुळे ‘यंत्र साचेबद्ध बोलते’ हा युक्तिवाद आपण सोडून दिला पाहिजे. फरक असलाच तर दुसरीकडे आहे. मायना ठरलेला होता; कोणता मायना लावायचा हे मात्र लिहिणाऱ्याने ठरवायचे होते, आणि त्यासाठी समोरचा माणूस आपला कोण लागतो हे त्याला ठाऊक असावे लागे. ‘तीर्थस्वरूप’ लिहावे की ‘राजमान्य राजश्री’, यावर थांबलेला टाक हेच त्या पत्रातील सौजन्य होते. मायना चुकला तर दोष टाकाला लागत नसे.

या परंपरेची दुसरी बाजूही झाकून ठेवता कामा नये. मायना मानाची उतरंड जपत होता. कोणाला ‘आपण’ आणि कोणाला ‘अरे-तुरे’ हे जात, पैसा, लिंग आणि हुद्दा यांवरून ठरत होते, आणि ते पूर्णपणे थांबले आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. मोटार घेऊन आलेल्या ग्राहकाला ‘या साहेब’ आणि सायकलवर आलेल्याला ‘काय रे, काय पाहिजे?’ हे आपण ऐकलेले आहे. आपल्यापैकी काहींनी ते स्वतः सोसले असेल. यंत्र सर्वांनाच ‘आपण’ म्हणते. ते दमत नाही, कपड्यांवरून माणूस जोखत नाही, दुपारी दोन वाजता ‘जेवणाची सुट्टी’ म्हणून खिडकी लावून घेत नाही. ज्याला आयुष्यभर खिडकीवर वसकन बोलणेच ऐकावे लागले, त्याला यंत्राचे कोरडे ‘आपण’ही दिलासा देत असेल. हे मान्य करूनच पुढे जाऊ या.

५.५ एलायझापासून आजपर्यंत

माणसासारखे बोलणारे यंत्र ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील जोसेफ वाइझेनबाउम यांनी १९६६ मध्ये ‘एलायझा’ नावाच्या संगणकीय कार्यक्रमाची माहिती प्रसिद्ध केली. त्याची प्रसिद्ध आवृत्ती मानसोपचारकाची नक्कल करीत असे. ‘मला उदास वाटते’ असे टंकलिखित केले, की त्याच शब्दांना उलटवून तो प्रश्न विचारी. यामागे आकलन काहीही नव्हते, शब्दांची अदलाबदल होती. तरीही लोक त्याच्याशी मन मोकळे करू लागले. स्वतः वाइझेनबाउम यांच्या सचिव बाईंनी, एलायझाशी बोलताना, त्यांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली, अशी हकिगत त्यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात नोंदवली आहे. त्या अनुभवाने ते अस्वस्थ झाले.

एलायझा हे नाव जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ या नाटकातील फुले विकणाऱ्या मुलीचे आहे. या नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी केलेले ‘ती फुलराणी’ आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. उच्चारशास्त्राचा प्राध्यापक पैजेखातर एका गरीब मुलीला सभ्य समाजाची भाषा शिकवतो, असे हे कथानक. शिकवले तसे बोलणारे यंत्र म्हणून वाइझेनबाउम यांनी हे नाव निवडले. पण शॉच्या नाटकात आणखी एक गोष्ट आहे. उच्चार मला प्राध्यापकाने शिकवले. पण पहिल्याच दिवशी कर्नल पिकरिंगने मला ‘मिस डूलिटल’ म्हणून संबोधले, तेथून माझ्या आत्मसन्मानाला सुरुवात झाली, अशा आशयाचे बोल एलायझा ऐकवते. सौजन्याचा अभ्यास करणाऱ्याने हा प्रसंग जरूर वाचावा. एका संबोधनाने काय घडू शकते, हे त्यात दिसते.

आजची भाषिक प्रारूपे एलायझाच्या कितीतरी पुढे गेली आहेत. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ‘चॅटजीपीटी’ सर्वांसाठी खुले झाले आणि हा विषय घराघरांत पोहोचला. अशी प्रारूपे प्रचंड मजकुरावरून शब्दांच्या लगतच्या संबंधांचे आकृतिबंध शिकतात आणि पुढे कोणता शब्दखंड येणे संभवनीय आहे हे ठरवीत वाक्य रचतात. त्यांची अनेक उत्तरे माणसांनी आधी तपासून, त्यांतील बरी-वाईट ठरवून, तशी घडण त्यांना दिलेली असते. म्हणजे यंत्राच्या सौजन्यालाही माणसांनी दिलेल्या पसंतीचा आधार आहे. या प्रारूपांचा पाया ठरलेला शोधनिबंध २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकाचा अर्थ ‘अवधान असले की पुरे’ असा होतो. तेथील ‘अवधान’ म्हणजे वाक्यातील कोणत्या शब्दाचा कोणत्या शब्दाशी किती संबंध, याचे गणित. दुकानात शिरलेल्या म्हातारीला आधी खुर्ची द्यावी, हे ज्याला सुचते त्याच्या अवधानाशी त्याचा संबंध नावापुरता आहे.

५.६ क्षमा कोणी मागावी?

सौजन्याची खरी कसोटी चूक झाल्यानंतर लागते. म्हणून हा भाग थोडा सविस्तर पाहू.

मराठीत क्षमा मागण्याची पुढील चार वाक्ये घ्या. ‘झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ ‘चूक झाली.’ ‘आमच्याकडून चूक झाली.’ ‘माझं चुकलं.’ पुढे वाचण्यापूर्वी प्रत्येक वाक्यात कर्ता कोठे आहे, हे वहीत लिहून पाहा.

पहिल्या वाक्यात कर्ता नाहीच. गैरसोय ‘झालेली’ आहे, जणू पाऊस पडावा तशी. ‘क्षमस्व’ हे संस्कृत आज्ञार्थी, द्वितीयपुरुषी, एकवचनी रूप आहे. त्याचा अर्थ ‘(तू) क्षमा कर’. अतिशय अदबीच्या फलकावर आपण ग्राहकाला नकळत ‘तू’ म्हणतो, ही गंमत जाता जाता लक्षात ठेवण्यासारखी आहे. दुसऱ्या वाक्यात ‘चूक’ हीच कर्त्याच्या जागी बसली आहे. ती आपली आपण झाली. तिसऱ्यात ‘आमच्याकडून’ या शब्दाने जबाबदारी प्रथमच उंबरठ्याच्या आत येते, परंतु ती समूहात वाटली जाते. ‘माझं चुकलं’मध्ये क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी असूनही ‘माझं’ या षष्ठीने चूक एका माणसाच्या मालकीची होते. शाखेतील त्या तरुणाचे वाक्य हे होते. शिवाय त्याने काय चुकले तेही सांगितले होते : दाखला आला होता, नोंद राहिली होती. क्षमायाचनेत चुकीचे नाव घ्यावे लागते. ‘गैरसोय’ या गोणीत सर्व चुका कोंबल्या की ऐकणाऱ्याला आपले म्हणणे ऐकले गेल्याची खूण मिळत नाही.

ही केवळ भाषिक नाजूकता आहे, असे वाटत असेल तर कॅनडातील एक प्रकरण पाहा. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या संकेतस्थळावरील चॅटबॉटने २०२२ मध्ये एका प्रवाशाला चुकीची माहिती दिली. त्याच्या आजीचे निधन झाले होते. निकटच्या नातलगाच्या मृत्यूनिमित्त मिळणाऱ्या सवलतीसाठी तिकीट काढल्यानंतरही ९० दिवसांच्या आत अर्ज करता येईल, असे चॅटबॉटने सांगितले. प्रत्यक्षात कंपनीच्या नियमानुसार प्रवास झाल्यानंतर ही सवलत मागता येत नव्हती. परतावा नाकारला गेला आणि प्रकरण ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील दिवाणी न्यायाधिकरणापुढे गेले. चॅटबॉट ही जणू स्वतंत्र विधिमान्य व्यक्ती असून आपल्या कृतीला ती स्वतः जबाबदार आहे, असा कंपनीच्या बचावाचा अर्थ न्यायाधिकरणाने नोंदवला आणि तो फेटाळला. संकेतस्थळावरील माहिती साध्या पानावर असो वा चॅटबॉटने दिलेली असो, तिची जबाबदारी कंपनीचीच, असा निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये झाला आणि प्रवाशाला भरपाई देण्याचा आदेश निघाला. भरपाई होती ६५०.८८ कॅनडियन डॉलर, आणि त्यावर व्याज व शुल्क.

रक्कम लहान आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या बचावातील वाक्यरचना पाहण्याजोगी आहे. ‘आम्ही सांगितले’ हे ‘त्याने सांगितले’ असे झाले. शब्द दिला, पण तो आमचा नव्हता. खेडेगावातील सावकाराच्या मुनिमानेही असे म्हटले असते तर लोकांनी त्याच्या पेढीवर पाय ठेवला नसता.

दुसरे प्रकरण शिक्षणक्षेत्रातील आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठात गोळीबार होऊन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. त्यानंतर व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या पीबॉडी महाविद्यालयातील एका कार्यालयाने आपल्या विद्यार्थ्यांना सांत्वनपर ई-पत्र पाठविले. एकमेकांची काळजी घ्यावी, सर्वांना सामावून घेणारे वातावरण असावे, असा त्याचा आशय होता. पत्राच्या तळाशी एक ओळ होती : मजकुरासाठी चॅटजीपीटीचा आधार घेतला आहे. विद्यार्थी संतापले आणि कार्यालयाला दुसऱ्याच दिवशी माफी मागावी लागली. मजकुरात गैर असे काही नव्हते. ती तळाची ओळ वाचेपर्यंत तो अनेकांना योग्यही वाटला असेल. सांत्वनाला जाऊन आपण तरी फार वेगळे काय बोलतो? ‘काही लागलं तर सांगा’ हेच ना. परंतु तेथे जाऊन बसणे, काही वेळ शब्द न सुचणे, हे त्या वाक्याआधी घडलेले असते. पत्र लिहिणाऱ्यानेही तेवढा वेळ दुःखाजवळ बसावे, अशी वाचणाऱ्याची अपेक्षा असते. त्या विद्यार्थ्यांना राग आला तो या अपेक्षाभंगाचा.

५.७ व्यवहारात काय करावे?

आपल्यापैकी बरेच जण दिवसभर पतसंस्थेत, दुकानात, दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवर किंवा ग्राहकसेवा केंद्रात काम करून रात्री ही पुस्तिका उघडत असतील. ‘यंत्र आल्यावर आमचे काय?’ हा प्रश्न संपर्क सत्रात मला दरवर्षी अधिक काळजीने विचारला जातो. सौजन्यशील माणसाची नोकरी टिकेल, असे आश्वासन मी देऊ शकत नाही. मालक पगाराचा हिशेब सौजन्याच्या सिद्धान्तावरून करीत नाहीत. कामाचा कोणता भाग कोणाकडे असावा, याविषयी मात्र भाषेच्या अभ्यासातून काही सांगता येते.

सूचना, वेळापत्रके, पावतीबरोबरचे टिपण, एकाच मजकुराची दहा रूपे, कच्चा मसुदा, शुद्धलेखनाची तपासणी ही कामे यंत्राकडे बिनदिक्कत द्यावीत. त्यांत कोणाच्या आबेचा प्रश्न नसतो, आणि वाचलेला वेळ समोरच्या माणसासाठी वापरता येतो. मसुदा हातात आला की आधी मायना आणि क्रियापदे पाहावीत. ‘आम्ही’च्या जागी ‘आपण’ शोभेल का? ‘कृपया’ काढून ‘कळवाल का?’ असे करता येईल का? इंग्रजी वळणाचे ‘आपला दिवस चांगला जावो’ काढून टाकले तर पत्राचे काही बिघडेल का? यंत्राला मराठीत प्रथमपुरुषी बोलताना ‘करतो’ किंवा ‘करते’ यांपैकी एक निवडावे लागते, कारण आपले क्रियापद लिंग लपवू देत नाही. आपल्या नावाने जाणाऱ्या पत्रात भलतेच रूप राहून गेल्याची उदाहरणे मी विद्यार्थ्यांच्या अर्जांत पाहिली आहेत. मसुदा कोणी वाचलाच नव्हता, एवढे त्यावरून सिद्ध होते.

शब्द देणे, नकार देणे, थकबाकी मागणे, क्षमा मागणे आणि सांत्वन करणे ही पाच कामे मात्र माझ्या मते माणसाने स्वतः करावीत. भाषा थोडी अडखळली तरी चालेल. नकाराचे पत्र यंत्राकडून सुरेख लिहून मिळते, हे मला माहीत आहे. परंतु कर्ज नाकारलेला माणूस त्या पत्राला उलट प्रश्न विचारू शकत नाही. खाली स्वाक्षरी करणाऱ्याचे नाव आणि तो उचलत असलेला दूरध्वनी क्रमांक असेल, तर त्या नकारातही ग्राहकाची आब काही प्रमाणात राहते. जेथे यंत्रच उत्तर देत आहे, तेथे ते यंत्र आहे हे पहिल्याच ओळीत सांगावे. ‘मी आपली सहायक प्रिया’ असे म्हणून सुरुवात करणे मला फसवणुकीच्या जवळ जाणारे वाटते. काही जाणकार याविषयी माझ्याशी सहमत नाहीत. ग्राहकाला नाव दिले की बोलणे सोपे जाते, असे त्यांचे म्हणणे आहे. आपण आपले मत अनुभवावरून ठरवावे.

५.८ स्वाध्याय आणि उपक्रम

(अ) ‘माझं चुकलं’, ‘मी चुकलो’ आणि ‘माझ्या हातून चूक झाली’ या तीन वाक्यांतील कर्ता, क्रियापदाचे रूप आणि जबाबदारीची छटा यांची तुलना करा. आपल्या बोलीत यासाठी आणखी कोणता प्रयोग आहे, तो नोंदवा.

(आ) आपल्या गावातील किंवा वस्तीतील एका दुकानात परवानगी घेऊन अर्धा तास बसा. दुकानदाराने वापरलेली संबोधने, ‘देणे-घेणे-ठेवणे’ यांची संयुक्त क्रियापदे आणि नकाराची रूपे टिपून घ्या. एकाच दुकानदाराचे संबोधन कोणत्या गिऱ्हाइकासाठी बदलले आणि का बदलले असावे, याविषयी दहा ओळी लिहा.

(इ) आपल्या भ्रमणध्वनीवर आलेला क्षमायाचनेचा एक यंत्रनिर्मित संदेश निवडा. त्यात चुकीचे नाव घेतले आहे का, ते पाहा. मग तो संदेश, चूक आपल्याच हातून झाली आहे असे समजून, आपल्या स्वतःच्या नावाने पुन्हा लिहा. लिहिताना जेथे हात थांबला, ती जागा अधोरेखित करून संपर्क सत्राला घेऊन या. चर्चेची सुरुवात तेथून करू.